भाचीच्या मापाची सायकल

सातारा, ४ जानेवारी २०२५

ती. मानसिंगमामांस,
शिवांजलीचा सा. न. वि. वि.

मामा, डोंगरात चालणारी सायकल घ्यायचं ठरवलंय. पहाटे निघायचं, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या पात्यांच्या सावल्या अंगावरून जाऊ द्यायच्या, दिवेलागणीला परत. शाळेत फळ्यावर लिहितानाही मला तेच दिसतं. सांगलीचे दुकानदार विष्णुपंत विचारतात, शॉकअप दोन्ही चाकांना हवा की पुढच्याच? तुम्ही फौजेत वीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्यात, तुम्हीच दुकानात जाऊन ठरवा. टेपचं माप तुम्हाला पटत नाही, म्हणून माझ्या पायाएवढा ऊस तोडून एसटीनं पाठवलाय.

मामी गेल्यापासून तुम्ही बांधाच्या पलीकडं गेला नाहीत. आई रोज काळजी करते, मलाही फार वाईट वाटतं. या निमित्तानं तरी बाहेर पडा.

तुमच्या लोभातली,
शिवांजली

कडेगाव, १५ जानेवारी

चि. शिवांजलीस अनेक आशीर्वाद.

सांगलीला जाऊन आलो, आईला सांग. पुढंच शॉकअप असलेली हार्डटेल पसंत केली. मागं स्प्रिंग असली की चढाला आपला जोर तीच गिळते, शिवाय बिघडायला एक जागा वाढते. सांगाडा पोलादी, मोडला तर कुठल्याही गावात वेल्डिंग होतं. टायर जाड, बाभळीच्या काट्याला भीक घालत नाहीत. सीट मऊ घेतली नाही. मऊ सीट तासभर सुखाची, मग साडेसाती.

दुकानामागच्या बोळात चालवून बघितली. कानात वारं शिरलं आणि घडीभर लेहचा रस्ता दिसला. मग उतरलो. आता आमचं काय राहिलंय!

ऊस पोचला. मापाची काळजी नसावी.

तुझा मामा

सातारा, २ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न.

सायकल आली. देखणी आहे, पण माझे पाय पेडलला पोचत नाहीत! विष्णुपंतांना फोन केला तर ते हसायलाच लागले. म्हणाले, ऊस रेडकानं खाल्ला म्हणून तुमच्या हवालदार मामांनी स्वतःचाच पाय मोजून दिला. भाची मामाच्याच वळणावर गेलीय, असं तुम्हीच त्यांना सांगितलंत म्हणे. मामा, मी तुमच्या खांद्यालाही लागत नाही!

ते बदलून देत होते, मी नको म्हटलं. माझ्यासाठी लहान मापाची मागवलीय. ही उद्या टेम्पोनं कडेगावला येतेय. मामानं भाचीला चोळी करायची रीत. यंदा भाचीनं मामाला सायकल केली समजा. परत पाठवलीत तर मी रुसेन, आणि मी आईसारखीच रुसते.

तुमची,
शिवांजली

रहिमतपूर, १५ फेब्रुवारी, दुपार

चि. शिवांजलीस आशीर्वाद.

गावाचं नाव वाचून दचकू नकोस. पहाटेच निघालो. उसावर धुकं होतं, रस्ता झोपेत चालल्यागत चाकाखालून सरकत होता. मसूरला एका म्हाताऱ्यानं विचारलं, ह्या वयात ह्ये काय खूळ रं गड्या. मी म्हटलं, भाची हाय साताऱ्याला. गुडघे कुरकुरतात, पण एकाही चढाला उतरलो नाही.

हे पत्र पोचेल त्याच्या आधी मीच तुमच्या दारात असेन. मग लिहायचं कशाला? फौजेतून सुट्टीवर येताना मी वाटेतल्या स्टेशनांवरून तुझ्या मामीला असंच लिहायचो. मी आधी पोचायचो, पत्रं मागनं यायची, आणि तरी ती एकेक करून सगळी वाचायची. आज चिंचेखाली बसून सवयीनं तिलाच लिहायला घेतलं. नाव लिहिलं आणि हात थांबला. मग दुसरा कागद काढून तुझं नाव घातलं.

उठतो आता, उन्हं कलायच्या आत पुढचा चढ गाठायचाय.

तुझा मामा,
मानसिंग