बाजाराच्या दिवसाची गोळी

बाजाराचा दिवस, संध्याकाळ, २००३

मोखाड्याच्या जीपवाल्याला म्हातारीची काय पडलीय? वाटेत थांबतच नाही मेला. म्हणून प्रेशरची ती लघवीची गोळी बाजाराच्या दिवशी मी डब्यातच ठेवते. कोणाला सांगितलं नव्हतं.

आज दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आजी, प्रेशर उतरत का नाही?" मी बोलायच्या आत माझा लेक बाळू म्हणाला, "रोज घेते, साहेब." त्याने कधी बघितलं? डॉक्टर जास्तीची गोळी लिहायला लागले. तेवढ्यात बाळूच्या लेकीने, वनिताने, घरून आणलेला माझा डबा टेबलावर उपडा केला. उरलेल्या गोळ्यांचा ढीग!

"बाजार असला की आजी गोळी घेत नाही." मी चिमटा काढला, तरी वनिता गप्प बसेना. तिने हे कधी हेरलं कोण जाणे!

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "त्या दिवशी घरी पोचल्यावर घ्या, पण घ्याच." मग तिला विचारलं, काय शिकतेस? प्रेशर वाढलं की बारीक रक्तवाहिन्या कमी होतात, या गोळीने त्या परत नव्याने वाढतात का, ते तिच्या कॉलेजात उंदरांवर बघतात म्हणे. अजून पक्कं नाही, हेही सांगितलं. डॉक्टर खुर्ची पुढे ओढून ऐकत होते. आमच्या साखरशेत गावच्या नाचणीवर वाढलेली पोर!

डॉक्टरांसमोर बेधडक डबा उपडा केला तिने. माझ्यावर गेलीय.

घरी आल्या आल्या गोळी घेतली. आता दवाखान्यात जायचं ते वनिताची सुट्टी बघूनच. डॉक्टरांनी विचारलं तर बाळूने तोंड उघडायचं नाही. तीच सांगेल.