बाबांच्या व्यायामाचा स्विमिंग पूल

केदारदादा,

आज सकाळी मी आले तेव्हा बाबांच्या पलंगावर दोन ओले टॉवेल, एक ओली बंडी आणि एक रबरी ट्यूब होती. कोरडं पांघरूण एकही नव्हतं.

घरी उतरणाऱ्या पर्यटकांसाठी स्विमिंग पूलला परवानगी मिळेना, म्हणून तू अर्जात ‘अर्धांगवायू झालेल्या वडिलांच्या व्यायामासाठी’ असं लिहिलंस. तिथवर मीही हसले होते. पण काल साहेब पाहणीला आले आणि तू बाबांना खरंच पाण्यात उतरवलंस. वहिनीने व्हिडिओ पाठवलाय. बाबा म्हणतात, “थंडी वाजते हाय रे, बाहेर काढ.” तू म्हणतोस, “जरा पाय हलवा, साहेब बघतायत.” ट्यूब उलटून त्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं, तेव्हा “आमचे बाबा जुने पोहणारे,” म्हणत तू साहेबांना हसवलंस. मग परवानगी मिळाल्याची पार्टी द्यायला मनोरला गेलास. बाबा रात्रभर खोकत होते.

मी त्यांना बोईसरच्या हॉस्पिटलात नेतेय. शनिवारच्या पाहुण्यांना नाही म्हणू नकोस, आता बाबांची खोलीही देता येईल. तू येऊ नकोस. तिथे पाहणीला कुणी साहेब येत नाहीत.

शालू

ता. क. निघताना बाबांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. पंचाण्णवच्या वर हवा तो ऑक्सिजन एक्क्याऐंशी टक्के आला.