विसाच्या आत

तोकामाची, ३ फेब्रुवारी १९९६

ती. वन्सं यांस फुमिएचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. परवा हे छपरावरचा बर्फ काढायला चढले, कमरेला दोर न बांधता. तुमचाच भाऊ, ऐकतो थोडाच! घसरले ते दगडी पायरीवर, डोक्यावर. अजून शुद्ध नाही.

कवटीला भोक पाडून आत तार सोडली आहे. मेंदू सुजून दाब वाढला की पडद्यावर आकडा चढतो. विसाच्या आत हवा. चढून उतरलाच नाही तर कवटीचं हाड काढावं लागेल, तरी वाचतील असं डॉक्टर म्हणत नाहीत. आज सतरा आहे.

लोभ असू द्या, आत्ता फार लागणार आहे.

फुमिए

सेन्दाई, ५ फेब्रुवारी

चि. सौ. फुमिए हिस तोकुकोचे अनेक आशीर्वाद.

त्या शिगेओ गाढवाला लहानपणीच बांधून ठेवायला हवं होतं! गुडघे धड असते तर निघालेच असते.

ते इस्पितळ मला ठाऊक आहे. आईच्या वेळी तिथे खाटांचं उसं उत्तरेला होतं. उत्तरेला डोकं करून आपण फक्त मेलेल्याला निजवतो, हे तुला सांगायला हवं का? खाट फिरवून घे. नर्सा ऐकत नसतील तर मानेखाली टॉवेल घालून तोंड तरी पूर्वेला वळव. भिऊन गप्प बसायची तुझी खोड आता पुरे. आणि जेवत जा.

तोकुको

तोकामाची, ७ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस सा. न. वि. वि.

नळ्यांमुळे खाट हलवता येत नाही, असं नर्सा म्हणाल्या. नर्सची पाठ फिरताच मी टॉवेल घातला, मान वळवली. एकोणीस होता. तेवीस, अठ्ठावीस, चौतीस. यंत्र किंचाळायला लागलं. मी टॉवेलाचं टोक धरून तशीच उभी. नर्सने धावत येऊन मान सरळ केली. मान पिळली की डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही म्हणे.

आता बावीसवर अडलाय. सकाळपर्यंत उतरला नाही तर हाड काढणार. मला तुमचा राग आलाय, वन्सं. त्याहून माझा.

रागावले म्हणून लोभ आटला असं समजू नका.

फुमिए

सेन्दाई, ९ फेब्रुवारी

चि. सौ. फुमिए हिस आशीर्वाद.

चूक माझी, तुझी नव्हे. त्याचं डोकं तिथून हलत नाही ना? मग मीच माझी गादी फिरवली. कालपासून उत्तरेला डोकं करून निजते. न्यायला जो कोणी निघाला असेल, त्याने आधी इथे यावं. एकाहत्तर वर्षं पुष्कळ झाली. सून आरडाओरडा करते, करू दे. शुद्धीवर आला तरी शिगेओला यातलं बोलू नकोस. आकडा तेवढा कळव.

तोकुको

तोकामाची, ११ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस सा. न. वि. वि.

आठ तारखेला सकाळी अठरा झाला. हाड काढलं नाही. आज बारा आहे, आणि दुपारी ह्यांनी डोळे उघडले! घशात नळी आहे, बोलता येत नाही.

तुमचं सांगणं मी मोडलं. पत्र त्यांना वाचून दाखवलं. वाचत गादीच्या ओळीपाशी आले तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट दाबला, सोडेनात.

आधी गादी फिरवा, वन्सं. पत्र नंतर लिहा.

तुमची फुमिए