आठ नंबरची पाटी

३ फेब्रुवारी १९९२, सोमवार

आलो एकदाचा भाईंदरला! मोरव्याच्या अलीकडे जुनं मिठागर बुजवून शेठने अठरा रो-हाऊस बांधलीत. खाली हॉल आणि किचन, वर दोन खोल्या, पुढे हातभर अंगण. विकायची मी. मुक्काम सॅम्पल हाऊसमध्ये. पलंगावर नवीकोरी चादर, टेबलावर प्लॅस्टिकची सफरचंदं. थाट तर जावयाचा आहे, फक्त सासू नाही.

आठ नंबरचं घर शेठ मला सवलतीत देतोय, म्हणून तर ही नोकरी धरली. गिरगावच्या खोलीत दादा-वहिनींच्या शेजारी पडदा लावून रुचिताने सहा वर्षं संसार केला. तिला स्वतःचं दार हवंय. चार वर्षांच्या संपदाला स्वतःचा जिना हवाय, तसं तिने माझ्याकडून दोनदा कबूल करून घेतलंय. तेवीस तारखेला दोघी येतील. इथलं ऊन जरा जास्तच पांढरं आहे, बाकी झकास.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गिऱ्हाईक येतं, नळ सोडून बघतं आणि विचारतं, इधर रहता कौन है? ओसाड वसाहतीत पहिलं कोणी जायचं, हा प्रश्न. शेठने युक्ती काढली. रिकाम्या घरांवर नावांच्या पाट्या ठोका, खिडक्यांना पडदे लावा. नावं मी शोधायची. थापा मारण्यात आपला हात धरणारा अजून जन्मायचाय! चार नंबरात पंढरीनाथ गोडांबे बसवले: रिटायर्ड, दम्याचा त्रास, खाडीच्या हवेसाठी आलेले. सहा नंबरात अनसूया वर्दे, शिवणाचा क्लास. अशी सात कुटुंबं दिवसभरात जन्माला घातली. एकेक पाटी ठोकली की गंमत म्हणून शाळेतल्या हजेरीसारखं मोठ्याने नाव पुकारायचं. ओ गोडांबे! ओ अनसूयाबाई!

शेवटी आठ नंबरला आमची खरी पाटी. कौस्तुभ, रुचिता, संपदा नवाथे. तिघांनाही पुकारलं, मलासुद्धा. इतका आनंद झाला होता, काय सांगू.

वॉचमन बाळाराम तेवढा हसला नाही; कंदील उचलून गेटकडे निघून गेला. हे मिठागर पूर्वी त्याच्याच घराण्याचं.

९ फेब्रुवारी, रविवार

तीन बुकिंग! शेठ खूश.

चहा पिताना बाळाराम बोलता झाला. मिठाचा वाफा नव्या माणसाकडे द्यायचा तर त्याला पाय खाऱ्या पाण्यात बुडवून बांधावर उभं करायचं. मग म्हाताऱ्याने नाव पुकारायचं आणि त्या माणसाने ओ द्यायची, तेव्हा वाफा त्याचा. माणूस समोर नसेल तर नाव उच्चारायचं नाही, ही इथली रीत. का, तर हाक वाया जात नाही. कुणीतरी ओ देतंच.

मी म्हटलं, अहो, माझं नाव पुकारलं तेव्हा मी स्वतः तिथे उभा होतो.

"तुमी हाक मारीत व्हते, साहेब," तो म्हणाला. "ओ तुमी न्हाय दिली."

जुनी माणसं. जमीन गेल्याचं दुःख असं काढतात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मालाडचं एक गुजराती जोडपं एकटंच गल्लीत फिरून आलं आणि लगेच घर घ्यायला तयार झालं. म्हणाले, चार नंबरच्या अंकलनी सांगितलं, पाणी चोवीस तास येतं. अंकल भले माणूस आहेत, फक्त बोलताना धाप लागते बिचाऱ्यांना.

मी हसलो. ते गेल्यावर चार नंबर उघडला. आत कोणी नव्हतं. खिडकीपाशी फरशी ओली होती. बोट लावून चाखलं, खारट.

बाळारामने पढवून कुणाला तरी उभं केलं असणार. त्याला झाडला चांगला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

भर दुपारी सहा नंबरातून शिवणयंत्राचा आवाज. तिथे अजून वीज नाही, सामान नाही. पायमशीन असेल म्हणावं, तर ते तरी कुठून येणार? खिडकीचा पडदा सरकला. बाईने मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. चेहरा ओल्या मिठासारखा पांढरा.

पाट्या काढायला घेतल्या. आठच्या आठ काढल्या. प्रत्येक पाटीखाली भिंतीला खार फुटलाय. खाराची अक्षरं, पाटीवरचीच. खरवडलं. बोटं सोलली. अक्षरं पुन्हा फुटली.

बाळारामच्या पाया पडलो. हो, पडलो. तो म्हणाला, दिलेली हाक माघारी घेता येत न्हाय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बुकिंगवाल्या एका बाईंनी सांगितलं, तुमची मिसेस फार गोड बोलते. अंगणात तुळशीला पाणी घालत होती.

रुचिता गिरगावात आहे.

आठ नंबरच्या अंगणात तुळस नव्हती. आता आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आठ नंबरात कोणीतरी जिन्याच्या पायऱ्या मोजतंय. एक, दोन, तीन, पाच. संपदा चार नेहमी विसरते —

धावत गेलो. पायऱ्यांवर ओली पावलं, एवढी एवढीशी. बघता बघता सुकली. मीठ उरलं.

किती सुंदर आवाज होता तिचा. हे लिहायला नको होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

उद्या त्या येणार. येऊ देता कामा नये. पण सांगू काय? रुचिताने सामान बांधलंय. दादाने तिकडचा पडदासुद्धा काढला म्हणे.

सकाळी फोन करतो. काहीही सांगतो. घर बुडालं म्हणतो —

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळ

पीसीओवरून चाळीतल्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. ते हसायला लागले. म्हणाले, कौस्तुभराव, विसरलात काय? आत्ताच तर टॅक्सी घेऊन आलात आणि दोघींना घेऊन गेलात. पोचलातसुद्धा इतक्यात?

टॅक्सीत कोण —

दुपार

आल्या. खऱ्या. रुचिताची निळी साडी, संपदाच्या हातात तिची बाहुली. बरोबर तो. माझा शर्ट. माझी चाल. मी गल्लीत आडवा उभा राहून ओरडलो, रुचिता, आत जाऊ नकोस! ती दचकली. परक्याकडे बघावं तशी बघत त्याच्या मागे सरकली. त्याने तिला हळूच सांगितलं, सॅम्पल हाऊसमधले आहेत, जरा डोक्याने — चल तू.

दार लागलं. आतून दोन बायकांचं हसणं आलं. दोन्ही रुचिताचं. मग एकच.

बाळाराम कुठेच नाही. दार ठोठावून ठोठावून हात —

चार वाजले

संपदा आली. कुठली संपदा, मला कळत नाही. हातात पेढा. "काका, आमच्या नव्या घराचा."

काका म्हणाली.

जवळ घेतलं. थंड नव्हती. मऊ, ऊबदार, माझीच. मला रडू आलं, ती घाबरली नाही. म्हणाली, बाबांनी विचारलंय, काका, तुमचं नाव काय? तुमच्या दारावर पाटी नाही ना, ते लावून देतील.

मी सांगायला तोंड उघडलं. नावच आलं नाही.

लिहून देतो म्हटलं. ती समोर उभी आहे, पेनाकडे बघतेय. लिहितोय. माझं नाव