स्वस्तातल्या लॅपटॉपमधली बाई

२ फेब्रुवारी

मीच केलं. बाबांच्या लॅपटॉपमध्ये घुसून मीच केलं आणि आता भीती वाटतेय. सकाळी मात्र इतकं हसू येत होतं की बाथरूममध्ये जाऊन तोंडात टॉवेल कोंबला!

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला. बसला नाही, गेलाच. डॉक्टर म्हणाले, जीव ठेवायचा तर आवाज द्यावा लागेल. दिला. तेव्हापासून बाबा लॅपटॉपवर लिहितात आणि आतली बाई ते वाचून दाखवते. दोन बोटांनी लिहितात, नाक जवळजवळ बटणांवर टेकवून. स्क्रीनकडे बघतच नाहीत. लिहून झालं की एक बटण दाबायचं — बाई सुरू.

आणि बाबांकडे सगळ्या जगासाठी एकच शब्द. गाढव. गिऱ्हाईक गाढव, वायर विकणारा गाढव, डॉक्टर तर फारच गाढव. मी जन्मल्यापासून गाढवच. माझं खरं नाव त्यांना कागदावर बघून आठवत असेल.

तर लॅपटॉपमध्ये एक सोय सापडली. चुकीचा शब्द लिहिला की तो आपोआप बरोबर करतो. चूक कुठला आणि बरोबर कुठला, ते आपण सांगून ठेवायचं. मी सांगितलं! गाढव लिहिलं की राजा. गाढवा — राजा. गाढवांनो — राजांनो!

सकाळी मी चार्जर तसाच लोंबकळत ठेवला होता. बाबांनी दाणदाण बटणं आपटली. बाई एकदम मधाळ आवाजात म्हणाली, "राजा, तुला किती वेळा सांगायचं, चार्जर काढून ठेवत जा."

आई पोळी तव्यावर टाकून पळत आली. "काय म्हणालात?"

बाबांनी परत लिहिलं. "राजा!" परत. "राजा, राजा, राजा!" बाबांचं तोंड लालबुंद! आई दाराला धरून हसली. हसता हसता खालीच बसली. पोळी जळली तरी हसत होती. ऑपरेशननंतर आई पहिल्यांदा हसली.

म्हणून सांगितलं नाही. उद्या काढतो.

३ फेब्रुवारी

नाही काढलं.

६ फेब्रुवारी

लॅपटॉपवाला येऊन गेला. बाबांनी त्याला लिहून ऐकवलं, "तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं की पाचव्यावर जातोय." बाबा लिफ्ट दुरुस्त करतात ना, त्यांना सगळं लिफ्टसारखंच दिसतं. एकदा आईच्या गुडघ्यालाही म्हणाले होते, ग्रीस लाव.

लॅपटॉपवाल्याने वरवर बघितलं. "काका, या किमतीत बोलणारी बाई मिळाली हेच खूप. एखादा शब्द इकडचा तिकडे व्हायचाच." घेताना हाच म्हणाला होता, "बिझनेस लॅपटॉप आहे काका! दिसायला म्हैस, पण टेम्पोतून पडला तरी चालेल."

म्हैस बरोबर. करडा, जाड, उचलला की मनगट दुखतं. स्क्रीन अशी मळकट की दिवसासुद्धा संध्याकाळ वाटते. पंखा सुरू झाला की शेजारी मिक्सर चाललाय असं वाटतं. पण खरं ते खरं — माझ्या हातून त्यावर अख्खा कप चहा सांडला, उलटा करून वाळवला, संध्याकाळी चालू! बटणं पण छान खोल दाबली जातात. बाबांची बोटं जाड, पान्यांची सवय असलेली, तरी चुकत नाहीत. एकच मोठा दोष. स्पीकर खाली, पोटाला. पलंगावर ठेवला की बाईचा आवाज गादीत गुदमरतो. म्हणून आम्ही चहाचा ट्रे उलटा घालून त्यावर ठेवतो. मग बाई खणखणीत.

लॅपटॉपवाला गेल्यावर बाबांनी लिहिलं, "स्वस्तातला आहे. असाच बोलणार." आणि माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

९ फेब्रुवारी

आज मजा! एका सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन. बाबांनी फोन लॅपटॉपजवळ ठेवला. बाई बोलायला लागली तर पलीकडून — "मॅडम, जरा साहेबांना द्या ना."

बाबांनी लिहिलं. बाई म्हणाली, "मी साहेबच बोलतोय, राजा."

फोनच ठेवला त्याने!

मग बाबांची दोन्ही माणसं मोटर बसवताना चुकली. त्यांना फोनवर, "राजांनो, डोळे घरी ठेवून आलात का?" त्यातला मोठा म्हणाला, "शेठ, आयुष्यात एवढ्या प्रेमाने कोणी झापलं नाही."

बाबांचे खांदे हलत होते. हसले की आता आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात.

१२ फेब्रुवारी

घशातली गाठ परत आली. आईला डॉक्टरांनी बाहेर नेऊन सांगितलं. मी दाराला कान लावला होता. नसता लावला तर बरं झालं असतं.

१५ फेब्रुवारी

मी औषधं घेऊन आलो तर बाबा एकटेच लॅपटॉपवर. बाईचा आवाज बंद. आणि आज डोळे स्क्रीनवर! एक एक बटण शोधून दाबत होते. मला बघितल्यावर झाकण खाडकन बंद. कोटेशन असेल. या अवस्थेत कसली कोटेशनं करतात!

आईने दादाला फोन लावला. बाबांना न विचारता.

दादाचं सांगायला पाहिजे. दादा बाबांच्या हाताखाली तयार झाला आणि मोठ्या लिफ्ट कंपनीत गेला नोकरीला. नुसता गेला नाही, त्या कंपनीचा शर्ट घालून बाबांच्याच गिऱ्हाइकांचे जिने चढला. बाबा तेव्हा ओरडले होते, स्वतःच्या आवाजात — "गाढवा, परत तोंड दाखवू नकोस!" आख्ख्या जिन्यात घुमलं. दादाने खरंच दाखवलं नाही.

आता त्याला बाबांचा तो आवाज परत ऐकायला मिळणार नाही. मलाही नाही.

१८ फेब्रुवारी

दादा आला. दारातच उभा. बूट काढू का नको, असा. आई म्हणाली, "अरे आत ये ना, पाहुणा आहेस का?"

बाबा पलंगावर उशीला टेकून. लॅपटॉप ट्रेवर. दादा पायाशी उभा राहिला. "बाबा, मी..."

बाबांची बोटं बटणांवर गेली आणि थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. दादाकडे नाही, माझ्याकडे! बराच वेळ. मला वाटलं, संपलं, पकडलो गेलो. मग त्यांनी खाली मान घातली आणि लिहिलं. मी बोटांकडे बघत होतो. ग. काना. ढ. व. काना. सगळं बघितलं मी.

बाई म्हणाली, "राजा, जेवलास का?"

दादा मटकन खाली बसला. बाबांचे पाय धरून हुंदके देऊन रडला. एवढा घोडा! "बाबा, तुम्ही मला राजा म्हणालात... बाबा, कधीच नाही हो म्हणालात..." आई पण रडायला लागली. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

आणि मी कपाटाला चिकटून उभा. बाबा गाढवा म्हणाले होते. राजा मी म्हणालो.

१९ फेब्रुवारी

आता काढून टाकावं का?

काढलं तर बाई उद्या दादाला गाढवा म्हणेल. मग? दादा बॅग उचलून चालता होईल. त्याचा स्वभाव बाबांसारखाच, एक शब्द आणि खेळ खलास.

आत्ता तर तो बाबांचे पाय दाबत बसलाय. बाबा दिवसभर त्याला गाढवा लिहितात, बाई दिवसभर राजा म्हणते, आणि हा जास्तच जोरात पाय दाबतो!

हसू यायला पाहिजे. येत नाही.

२२ फेब्रुवारी

खरं सांगू? गाढवा ऐकून किती दिवस झाले. बाबांच्या तोंडून नाही तर नाही, निदान बाईच्या तोंडून तरी ऐकू आला असता. तोच एक शब्द उरला होता त्यांचा. बाकी सगळं — पाणी दे, खिडकी लाव, गोळी झाली का — ते कोणीही बोलतं. गाढवा फक्त बाबांचा होता. तोच मी खोडून ठेवला.

सांगायला गेलो होतो. आई आणि दादा डॉक्टरांकडे गेले होते. म्हटलं, "बाबा, एक सांगायचंय." बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं दुखतंय, झोपायचंय. दिवा बंद करून बाहेर आलो.

२६ फेब्रुवारी

बोटात जोर नाही. एक अक्षर दाबलं की विश्रांती. तेवढ्यात बॅटरी उतरते — लॅपटॉपची. चार्जर लावूनच ठेवलाय.

लॅपटॉप ट्रेवरून घसरत होता. बाबांनी कितीतरी वेळ घेऊन लिहिलं. बाई म्हणाली, "राजा, ट्रे सरळ कर."

केला.

२७ फेब्रुवारी

गेले.

३ मार्च

येईल त्या माणसाला दादा सांगतो, "शेवटी मला राजा म्हणाले हो." प्रत्येकाला. दूधवाल्यालासुद्धा. माणसं मान हलवतात, "बापाचं मन असतं ते." मी चहाचे कप उचलतो आणि आत जातो.

मला शेवटचं बोलले ते ट्रेचं. तेव्हाही बोटांनी गाढवाच लिहिलं असणार आणि मला ऐकू आलं नाही! हातातोंडाशी आलेलं मीच घालवलं. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

११ मार्च

दादाने कंपनीची नोकरी सोडली. बाबांचं काम तो चालवणार. माणसं खूश. आई खूश — म्हणजे जेवढं होता येतं तेवढं.

हे सगळं एका खोट्या शब्दावर उभं आहे. बाबा म्हणायचे, दोरखंडात एक तार तुटली तरी लिफ्ट चालते, पण मी त्यात बसणार नाही. इथे तर आख्खं घर बसलंय.

दादाला सांगू? "तुला गाढवा म्हणाले होते रे, राजा मी केलं." काय होईल त्याचं?

१८ मार्च

झालं! दादा म्हणाला, "तो बाबांचा लॅपटॉप दे उद्या. कोटेशनं त्यावरच करतो." त्यालाही गाढव म्हणायची सवय आहे. एका माणसाला झापायला दोन ओळी लिहिल्या की स्क्रीनवर राजा उमटणार. दादा स्क्रीनकडे बघून लिहितो. एका मिनिटात कळेल.

सकाळी तो आंघोळीला गेला की काढतो. म्हणजे बाबा लिहायचे तसं लिहिलं की बाई जे बोलायची, ते कायमचं संपणार. चालेल. नाही, चालणार नाही. पण काढतो.

१९ मार्च

दादा आंघोळीला गेला. मी ट्रे उलटा घातला, म्हैस वर ठेवली. काढायच्या आधी म्हटलं, एकदा ऐकू. गाढवा लिहिलं — "राजा." मग वाटलं, एकदा सरळ लिहून बघू, फसवाफसवी न करता बाई राजा कसं म्हणते. राजा लिहिलं. बटण दाबलं.

बाई म्हणाली, "गाढवा, हे काढू नकोस."

मी परत दाबलं. "गाढवा, हे काढू नकोस."

बाबा! त्या दिवशी आवाज बंद करून हेच करत होते! तिसऱ्याचं बटण दाबलं की पाचव्यावर का जाते, हे लिफ्टवाल्याला सापडणार नाही तर कोणाला? सापडलं आणि दुरुस्त केलं नाही. उलट माझ्यासाठी आणखी एक तार उलटी जोडून ठेवली! म्हणजे दादा आला तेव्हा बोटांनी गाढवा लिहिलं, पण बाहेर काय येणार ते माहीत होतं. माहीत होतं म्हणून लिहिलं! म्हणून आधी माझ्याकडे बघितलं!

तेवढ्यात दादा डोकं पुसत आला. "का रडतोस? दे तो."

म्हटलं, "बिघडलाय."

"बिघडणारच. स्वस्तातला होता. मी नवा घेतो."

आता हे फक्त तुला माहीत आहे, वही. हात जोडतो, पाया पडतो, कोणाला सांगू नकोस. आईला नको, दादाला तर अजिबात नको. त्याचा राजा त्याच्याकडे राहू दे. हा गाढवा माझा आहे.