रस्त्यावर टाकलेला चोथा

प्रिय आई,

चेंगदूहून यूलानचा तुला आणि बाबांना वाकून नमस्कार.

मला फ्लू झाला होता. ताप उतरला, म्हणून आज कळवतेय. डॉक्टरांनी विषाणूवरच्या गोळ्याही दिल्या आणि काढाही. काढा की गोळी यावरून तुम्ही आता भांडू नका! बाबांचा खोकला कसा आहे?

काढ्याच्या वासावरून घरमालकीण फेंग मावशी रोज कुरकुरायच्या. पण मला जिना उतरवेना, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तुडवून दुखणं त्यांच्या पायांबरोबर निघून जावं म्हणून तू टाकतेस तसा काढ्याचा चोथा मावशींनीच रस्त्यावर टाकला. थंडीमुळे बाहेर चिटपाखरू नव्हतं. खिडकीतून बघते तर मावशी स्वतःच त्यावरून येरझारा घालतायत!

"अहो, माझं दुखणं तुम्हाला लागेल!"

"गप्प झोप गं! मला चिकटायची त्याची काय बिशाद!"

आई, या वेळी लोणच्याची बरणी त्यांच्या नावाने पाठव.

तुझीच,
यूलान