चौथी चटई

१५ सप्टेंबर, रविवार. बँकॉक

सात महिने वहीत काही लिहिलं नाही, त्याबद्दल क्षमा. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, तेव्हा मागणारा मीच आणि देणाराही मीच. दिली. आई फेब्रुवारीत गेली. त्यानंतर लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

आज सुकोनताईचा फोन. म्हणाली, बाबा पाक फनांगच्या घरात एकटे, परवा गॅस चालू ठेवून झोपले. तुझं काम काय, तर शाळेची पुस्तकं तपासायची, ते कुठेही बसून होतं. बुधवारी पितर घरी येतात, पंधरा दिवसांनी परत जातात. तेवढीच मुदत तुला. बाबांजवळ राहणार असशील तर तसं सांग. नाहीतर पितरांना निरोप दिला की मी बाबांना हाट याईला माझ्याकडे नेते, घराला कुलूप.

मी म्हणालो, विचार करतो. ती म्हणाली, कर रे, तुझा विचार आणि आमची गाडी, दोन्ही स्टेशनातच उभी.

निर्णय जवळजवळ झालाच आहे. राहणार. प्रश्न फक्त या पंधरा दिवसांचा. घरी उतरलो तर मन घराच्या बाजूला झुकेल आणि निर्णय निःपक्षपाती राहणार नाही. म्हणून प्रांतातच राहायचं, पण घराबाहेर. जागा निवडायला तक्ता केला. सात निकष, प्रत्येकी दहा गुण.

१७ सप्टेंबर. नखोन

प्रांताचं मुख्य शहर, स्टेशनजवळचं हॉटेल. काउंटरवरच्या बाईने विचारलं, फिरायला आलात? मी हो म्हणालो. खोटं बोललो का? फिरतो तर आहेच.

उशी उंच. शांतता ६. एकूण ३८.

१८ सप्टेंबर, बुधवार

पितरांच्या स्वागताचा दिवस. सकाळी पाक फनांगला गेलो, विहारात बाबांच्या शेजारी बसलो. बाबांनी विचारलं, बॅग? मी म्हणालो, हॉटेलात. बाबा म्हणाले, हं. आमच्या दक्षिणेत माणसं निम्मे शब्द गिळतात, बाबा उरलेलेही गिळतात.

नंतर घरी जेवलो. पुढच्या खोलीत नव्या चटया अंथरल्या होत्या. आजोबांची, आजीची, आईची. आणखी एक होती. कोणाची ते विचारलं नाही. आईच्या खोलीचं दार उघडं होतं, आत गेलो नाही. घाईत होतो.

ताई म्हणाली, मेलेले सरळ घरी आले, जिवंत तेवढा हॉटेलात. शेजारचे तोंगकाका हसले. त्यांनी घरामागे पाकोळ्यांसाठी चार मजली बिनखिडक्यांची इमारत बांधली आहे. पाखरांनी आत घरटी करावीत (ती सुपासाठी महाग विकली जातात) म्हणून दिवसभर पाखरांचेच आवाज लावून ठेवतात. म्हणाले, अनुवत, तुझ्यासाठीही काहीतरी वाजवत ठेवायला पाहिजे, म्हणजे येशील.

शांततेच्या निकषावर घराला २.

२० सप्टेंबर. खनोम

समुद्रकाठचं लॉज. सकाळी डॉल्फिन दिसतात म्हणतात. दिसले. दिसल्यावर पुढे काय करायचं ते कळलं नाही. लाटांचा आवाज सारखा. एकूण ४०. आठवा निकष घातला: घरापासून योग्य अंतर. मागच्या सगळ्या बेरजा नव्याने कराव्या लागल्या. दिवस त्यात गेला. चांगला गेला.

२२ सप्टेंबर. खिरिवोंग

डोंगराखालचं गाव. रिअममावशींच्या मँगोस्टीनच्या बागेत लाकडी खोली. हीच ती जागा. इथे विचार करता येईल.

मावशींनी विचारलं, कुठला रे तू? पाक फनांगचा. कोण आहे तिथे? वडील. मग इथे काय करतोस, दीड तासावर घर असताना? मी तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. म्हणाल्या, यात वडील कुठल्या रकान्यात आहेत?

प्रश्न बरोबर होता, पण पद्धतशीर नव्हता. तक्ता जागांचा आहे.

२४ सप्टेंबर

प्रामाणिकपणे तपासलं: मी टाळतो आहे का? नाही. टाळणारा माणूस प्रांतात आलाच नसता.

फेब्रुवारीतही असं म्हणणारे होते. आई हॉस्पिटलात होती तेव्हा जवळपास खोली शोधायला मला तीन दिवस लागले. ताई म्हणत होती, आधी ये, बाकावर झोप. पण बाकावर झोपून पाठ धरली तर आईला माझा काय उपयोग? खोली चांगली मिळाली. स्वच्छ, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीतून हॉस्पिटलचं दार दिसायचं. बॅग ठेवली आणि ताईचा फोन आला.

खोलीबद्दल तक्रार नाही.

२७ सप्टेंबर

बाबांचा फोन. बाबा फोन करत नाहीत. विचारलं, चटई गुंडाळू?

मी म्हणालो, इतक्यात नको, सगळ्या बाजूंनी विचार चालू आहे. बाबा म्हणाले, उंदरं येतात. मागे तोंगकाकांची पाखरं वाजत होती. फोन बाबांनी ठेवला की मी, ते आठवत नाही.

२९ सप्टेंबर

ठरलं! घर शेवटच्या नंबरावर आलं, पण तक्ता माणसासाठी असतो, माणूस तक्त्यासाठी नाही. मी बाबांजवळ राहणार, कायमचा. गॅस मी बंद करीन. पुढच्या खोलीत टेबल टाकीन.

फोनवर सांगणार नाही. अशा गोष्टी समोर बसून सांगायच्या असतात. उद्या निघालो असतो, पण मावशींची मँगोस्टीन उतरवायची आहेत, ऐन कामात सोडून जाणं बरं दिसत नाही. (मावशींनी मदत मागितलेली नाही. त्यांना संकोच वाटत असावा.)

१ ऑक्टोबर

एकही मँगोस्टीन उतरवलं नाही. मावशी म्हणाल्या, तू बाजूला उभा राहा, फांद्या मोडतील. संध्याकाळी त्यांनी घरची 'ला' बांधून दिली. पितरांची तोंडं सुईच्या नेढ्याएवढी, म्हणून ही पिठाची जाळी दोऱ्यासारखी बारीक विणतात. म्हणाल्या, वडिलांना दे. आणि तूही खा, तुझंही तोंड तेवढंच दिसतंय.

उद्या पहाटेच्या गाडीने.

२ ऑक्टोबर, बुधवार. पाक फनांग

पहाटेची गाडी चुकली. नंतरच्या गाडीने आलो. बॅग घेऊन थेट विहारात. पितरांच्या निरोपाचा विधी सुरू झाला होता, मागे बसलो.

भिक्खू घराघरांतून आलेल्या चिठ्ठ्यांवरची मेलेल्यांची नावं वाचत होते. आमची चिठ्ठी आली. आजोबांचं नाव. आजीचं. आईचं. मग अनुवत.

पुढे बसलेल्या तीन बायकांनी वळून पाहिलं. मी हात जोडले. दुसरं काय करणार.

बाबांच्या खिशात दोन चिठ्ठ्या होत्या. एक विहारासाठी. दुसरी, कोण कोण राहायला येणार आणि किती चटया लागतील, त्याची. चुकून दुसरी दिली गेली. ताई हसता हसता रडायला लागली. म्हणाली, बाबा, चूक कसली त्यात? पंधरा दिवस येतो, एकदा जेवतो, दिसत नाही. मग चिठ्ठ्या एकत्र जाळल्या. माझं नावही गेलं.

बाबा म्हणाले, निरोप दिला.

मी तिथेच, सगळ्यांसमोर, माझा निर्णय सांगितला. नीट सांगितला, पाठ केला होता. बाबांनी बॅगेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, घर तोंगला दिलं.

ताईने उरलेलं सांगितलं. बाबांनी २८ तारखेपर्यंत वाट पाहिली. मग तोंगकाकांना हो म्हणाले. ते खिडक्या विटांनी बुजवून घरातही पाकोळ्या ठेवणार आहेत. सामान बांधून झालं आहे. उद्या दुपारी दोघं हाट याईला निघतात.

मी ताईला म्हणालो, मी २९ला ठरवलं होतं. मी २९ तारखेचं पान दाखवलं. तिने वाचलं नाही.

संध्याकाळी घरी आलो. तीन चटया गुंडाळून दोरीने बांधल्या होत्या. चौथी तशीच होती, भिंतीपाशी, उंदरांनी एक कोपरा कुरतडलेला. बाबा म्हणाले, झोप. 'ला' दिली, त्यांनी अर्धी मोडून मला परत दिली. आम्ही खाल्ली. आईच्या खोलीत आता फक्त खोकी आहेत, तेव्हा जायला हरकत नव्हती. गेलो. काही वाटलं नाही.

चटईला गुण दिले नाहीत.

मीही हाट याईला जाणार. बाबांजवळच राहायचं, हा निर्णय कायम आहे. पण ताईच्या घरात एकदम उतरलो तर तिची अडचण होईल.

उद्या: हाट याईत ताईच्या घराजवळ एखादी बरी खोली बघणे.